दुसऱ्या खेपेचे आकडे

दिघी, १ मार्च २०२५

प्रितम,

जयभीम. वर 'सप्रेम' लिहायची आपल्या घराची पद्धत आहे. बाबा तर वीज बिलाची तक्रार करतानाही 'सप्रेम जयभीम' लिहायचे. मला आज ते लिहवत नाही, म्हणून नुसतंच.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, व्हॉट्सॲपवरही. म्हणून हा कागद. आई उद्या भोसरीला बस बदलून महाळुंग्याला तुझ्याकडे डबा घेऊन येईल, त्या पिशवीत हा असेल. आत काय लिहिलंय हे तिला माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. बहीणभावाचं वाजलंय एवढं तिला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

आता खाली जे लिहितेय ते तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितेय, कारण तुला ते तुझ्या हाताने समितीसाठी लिहून द्यायचं आहे, आणि तुझ्या भरवशावर सोडलं तर तू तीन ओळींत आटोपशील.

माझ्या पीएच.डी.चा विषय बेडकाच्या पिल्लांच्या पोटातले जंतू आणि वाढता उन्हाळा. बेडूक थंड रक्ताचा, म्हणजे पाणी जेवढं तापेल तेवढा तो तापतो. ज्या पिल्लाच्या पोटात डबक्यातले जंतू आहेत ते जास्त ऊन सोसतं आणि निर्जंतुक पाण्यात वाढलेलं लवकर मान टाकतं, हे मला दाखवायचं होतं. पहिल्या खेपेत बारा पिल्लांवर मी स्वतः दाखवलं. दीड अंशाचा फरक आला. दुसऱ्या खेपेची चाळीस पिल्लं तुझ्या खोलीशेजारच्या खोलीत टबांत होती, कारण डबकं तिथून हाकेच्या अंतरावर. वीस डबक्याच्या पाण्यात, वीस आईच्या मोठ्या कुकरमध्ये शिट्ट्या काढून गार केलेल्या पाण्यात. ऑगस्टमध्ये मी डेंग्यूने दवाखान्यात पडले. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. इकडे पिल्लांना पाय फुटायला लागलेले. पाय फुटले की ती माझ्या कामाची राहिली नसती. म्हणून ते नऊ दिवस परीक्षा तू घेतलीस. पिल्लू काचेच्या भांड्यात सोडायचं, पाणी दर दोन मिनिटांनी एक अंश तापवायचं, ब्रशने शेपटीला शिवायचं, ते हलायचं थांबलं की तो आकडा लिहायचा आणि त्याला लगेच गार पाण्यात टाकायचं. पाचवीतलं पोर करील इतकं सोपं.

आता मी शोधनिबंध पाठवला त्या मासिकाच्या परीक्षकाने ते चाळीस आकडे बघून कॉलेजला पत्र पाठवलंय. डबक्यातली सगळी पिल्लं साडेएक्केचाळीसच्या आसपास, कुकरच्या पाण्यातली सगळी चाळीसच्या आसपास, एकही रांग सोडून उभं नाही. जिवंत जनावरं अशी वागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तिघांची समिती बसली आहे. २४ तारखेला मला विचारणार की दुसऱ्या खेपेची नोंद कोणी केली. उत्तर पटलं नाही तर माझी नोंदणी रद्द. सहा वर्षं गेली, प्रितम. पुन्हा प्रयोग करावा तर ते डबकंही आता नाही, त्यावर मुरूम टाकून ट्रक उभे करतात.

काय झालं असेल ते मला कळायला वेळ लागला नाही. तुमच्या कंपन्यांत तासातासाचं रीडिंग चेकशीटवर लिहायचं असतं आणि तुम्ही ते शिफ्ट सुटताना एका पेनाने एका दमात भरता. सगळं मापात. तूच हसत हसत सांगितलं होतंस मला. तशीच तू माझी वही भरलीस. माझी पिल्लं म्हणजे तुला ब्रेकच्या चकत्या वाटल्या.

तर लिहून दे. 'दुसऱ्या खेपेचे आकडे मी प्रत्यक्ष न मोजता भरले.' सही, तारीख, पत्ता. जानेवारीत तू अकरा वर्षांनी कॉन्ट्रॅक्टवरून कायम झालायस, तेही क्वालिटीत, आणि असा कबुलीजबाब फिरत फिरत कंपनीत पोचला तर तुला तिथे कोण ठेवील, याचा विचार मी केला आहे. केला आणि तरी मागतेय.

अंजली


दिघी, ३ मार्च

प्रितम,

काल आई रिकामा डबा आणि एक वाक्य घेऊन आली. "प्रितम म्हनला, ताईला सांग वहीचं मागचं पान बघ." एवढंच. बाकी तू मटकीची भाजी पोटभर खाल्लीस, असं तिने दोनदा सांगितलं.

कुठलं मागचं पान? वही माझ्यासमोर आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तुझ्या आकड्यांचा तक्ता आहे, त्यानंतर कोरी पानं, मग पुठ्ठा. मागचं पान वगैरे काही नाही. कोड्यात बोलायची हौस असेल तर दुसरीकडे भागव. मला कागद हवाय.

फोनवर मी तुला काहीतरी बोलले होते असंही तू आईपाशी सुचवलंस म्हणे, हे तिने रात्री सांगितलं. मला एकशे तीन ताप होता. हाताला सलाईन होतं. त्या दिवसांत मी नर्सलाही आई म्हटलंय. असल्या माणसाचं बोलणं धरून कोणी वही भरतं का?

आणि आईकडून माझ्यावर ते जुनं अस्त्र सोडू नकोस. आज सकाळी तिने पुन्हा काढलं, "त्यानं तुझ्यासाठी डिप्लोमा सोडला." कोणी सांगितलं होतं सोडायला? बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते आणि तू दहावी झालेला. मी म्हटलं होतं, दोघंही शिकू, अर्धवेळ काम करू. तू काही न बोलता फाउंड्रीत जाऊन उभा राहिलास, बाबांच्याच जागी, आणि त्या दिवसापासून मी या घरात तुझी ऋणी आहे. पोळी घेताना ऋणी, पंखा लावताना ऋणी. तुझा हा मुका चांगुलपणा मला सतरा वर्षं छळतोय. एकदा तोंड उघडून भांडला असतास तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारपर्यंत कागद आला नाही तर मी तुझ्या कंपनीत येईन. गेटवर उभी राहून तुझ्या साहेबांना विचारीन की तुमच्याकडे चेकशीट कशा भरतात. मी हे करीन. मी किती हट्टी आहे ते तुला माहीत आहे.

अंजली


दिघी, १२ मार्च

प्रितम,

रविवारी आई पुन्हा हात हलवत परत आली. म्हणून आज मी आले होते. तुला कळलं असेलच, तुमच्या गेटवर वाऱ्यापेक्षा बातमी लवकर पोचते.

तू सेकंड शिफ्टला आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम सकाळी आले. तुझ्यासमोर नाही, तुझ्यामागे बोलायचं होतं. वॉचमनने आत सोडलं नाही. चहाच्या टपरीवर तुझ्या लाईनचे सुपरवायझर भेटले, सयाजीराव. महाळुंग्याचेच, ज्यांच्या जमिनीवर ती कंपनी उभी आहे त्यांच्या भावकीतले. मी नाव सांगितलं तर लगेच म्हणाले, "प्रितमची बहीन व्हय तुमी? बेडकावाल्या मॅडम?"

मी म्हटलं, हो. आणि सरळ विचारलं की तुमच्याकडे शिफ्ट सुटताना चेकशीट एकदम भरतात ना?

ते हसले. "भरत्यात की. कोन न्हाई भरत? पर तुमचा भाऊ न्हाई भरत बरं का. लई वायताग हाय त्येचा. सालभरात दोन येळा लाईन थांबवली त्येनं. एकदा तर साहेब सोता खाली आलं, म्हनलं, अरे पॉइंट झिरो टू चा फरक हाय, लिही मापात आन् चालू कर. ह्यो हुबा तसाच. म्हनला, चकती गाडीला लागनार हाय, सायेब, माझी सही न्हाई व्हनार. चार तास लाईन बंद. आमचा सगळ्यांचा बोनस बुडाला, आमी हप्ताभर बोललो न्हाई त्येच्याशी. पर त्येला कायम केला तो त्येच्यामुळंच."

मी चहा तसाच ठेवला. मला वाटलं तू त्यांना शिकवून ठेवलंयस. पण त्यांना माझं पत्र, समिती, यातलं काहीच माहीत नव्हतं. ते आपले बोलतच होते.

"आन् गेल्या सावनात," ते म्हणाले, "काचेचा थर्मामीटर घिऊन आला व्हता फडक्यात गुंडाळून. म्हनला, मास्टरवर लावून बघायचाय. मास्टर म्हंजी आमचा शिक्क्याचा थर्मामीटर, त्येच्यावर बाकीचे तपासत्यात. म्हनलं, कुनाचा रं ह्यो? तर म्हनला, बहिनीचा हाय. ती म्हनती बिघडलाय. आमी हसलो. जेवायची सुट्टी सोडून अर्धा तास लावून बसला. बरोबर निघाला थर्मामीटर."

मी उठून आले. बसमध्ये भोसरीपर्यंत मला तुझा इतका राग येत होता की कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं. माझ्याकडे तुझ्याविरुद्ध एकच गोष्ट होती, कंपनीची सवय, आणि तीही तू शिल्लक ठेवली नाहीस.

तरी कागद हवाच आहे. सवय नसेल तर आळस म्हण, घाई म्हण, काहीही म्हण. आकडे तुझ्या अक्षरात आहेत आणि ते खोटे आहेत, या दोन गोष्टी समितीला पुरेशा आहेत. बारा दिवस राहिलेत.

अंजली


दिघी, १७ मार्च

प्रितम,

काल आईने पदराखालून तुझा कागद काढून दिला. रेघांचा, चार घड्या घातलेला. त्यावर डब्याच्या तेलाचा एक डाग आहे, पण सही स्वच्छ आहे.

'दुसऱ्या खेपेचे सर्व आकडे मी माझ्या मनाने लिहिले. माझी बहीण अंजली हिला याची काहीही कल्पना नव्हती. ती त्या वेळी दवाखान्यात होती. मी हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.'

मला हवं होतं ते मिळालं. किंबहुना जास्तच. 'माझ्या मनाने' हे शब्द मी मागितले नव्हते. 'कोणाच्याही दबावाशिवाय' तर वाचून मला हसू आलं, मी तीन पत्रं दुसरं काय करत होते? तू कंपनीचा पत्ताही खाली लिहून दिलायस, हुद्द्यासकट. तो मी मागितला नव्हता. खोलीचा पत्ता चालला असता.

आईने विचारलं, "भांडन मिटलं ना?" मी हो म्हटलं. तिने लगेच पुरणाचं काढलं, होळीचं राहिलेलं.

मिनल मॅडमना, माझ्या गाइडना, फोन करून सांगितलं की लेखी कबुली हातात आली आहे. त्या पहिल्यांदाच मोकळं बोलल्या. म्हणाल्या, "मग तू सुटलीस, अंजली. फक्त तुझ्या देखरेखीतली चूक एवढंच राहील." मी सुटले. पुढच्या सोमवारी कागद देईन.

एवढंच कळवायचं होतं. आता ब्लॉक काढलास तरी चालेल, नाही काढलास तरी चालेल.

अंजली


चिंचवड, २४ मार्च

प्रितम,

कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. सुनावणी अर्ध्या तासापूर्वी संपली. हे पत्र आईच्या पिशवीतून येणार नाही, पोस्टाने येईल. घरी जाऊन तिला सगळं सांगणार आहे, आणि मग ती तुझ्याकडे काय घेऊन येईल ते तिचं ती ठरवेल.

मागचं पान होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दवाखान्यातून घरी आल्यावर मी वही उघडली तेव्हाच वाचलं होतं. तू ते पुठ्ठ्याच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतंस, तुमच्या कंपनीच्या पद्धतीने, तारीख, वेळ, पिल्लाचा नंबर. मी ते पट्टी लावून फाडलं, कडा दिसू नये म्हणून. जाळणार होते. जाळलं नाही, का ते मला विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. डेंग्यूच्या फाईलमध्ये, प्लेटलेटच्या रिपोर्टांच्या मागे ठेवून दिलं. गेला महिनाभर मी तुला 'दवाखान्यात होते, दवाखान्यात होते' असं लिहीत होते आणि ते पान त्याच फाईलमध्ये होतं.

तू मागचं पान बघ म्हणालास, तेव्हा मला वाटलं की तू मला पकडतोयस. तसं नव्हतं ना? तुला खरंच वाटत होतं की ते मी पाहिलंच नसेल. मग मी लिहिलं, 'मागचं पान वगैरे काही नाही.' त्या दिवशी तुला कळलं. मी फाडलंय हे तुला कळलं, आणि त्यानंतर तू तो कागद पाठवलास.

आत तिघे बसले होते, मिनल मॅडम बाजूच्या खुर्चीवर. अध्यक्षांनी विचारलं, "दुसऱ्या खेपेची नोंद कोणी केली?" माझ्या पर्समध्ये दोन्ही कागद होते. तुझा वर होता. मी तो बाहेर काढलाही. मग मला तुझी सही दिसली आणि खाली ती कंपनी, तो हुद्दा, क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि मी तो पुन्हा आत ठेवला. पेन्सिलीचं पान टेबलावर ठेवलं. मी म्हणाले, "अक्षर माझ्या भावाचं आहे. आकडे मी फोनवर सांगितले. त्याने खरे मोजले होते, ते हे."

त्यांनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं. मराठीत होतं, एकाला वाचता येत नव्हतं. म्हणून मला वाचावं लागलं. कुकरचा टब, नंबर सात, ४१.३. नंबर आठ, ४१.६. 'ताई म्हणाली चाळीसच्या वर जाणार नाही, परत बघ. दुसरं पिल्लू घेतलं. तेच आलं.' नंबर अकरा, ३९.८, हे एकटंच कमी. नंबर बारा, ४१.४. 'ताई म्हणाली दोन्ही टबांना पाण्याचा एकच मग वापरला असशील. दोन मग आहेत, निळा आणि लाल.' आणि खाली, 'ताई म्हणाली थर्मामीटर बिघडला. कंपनीत मास्टरवर तपासला. बरोबर आहे.' मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

फरक नव्हताच, प्रितम. चाळीस पिल्लांत जंतूंनी काही केलं नाही, निदान त्या डबक्यात नाही. माझ्या बारा पिल्लांचा दीड अंश म्हणजे योगायोग. 'फरक आढळला नाही' असा प्रबंधही लिहिता आला असता, लोक लिहितात. मला तो नको होता. मला माझंच बरोबर यायला हवं होतं. मला सगळं आठवतं. ताप उतरला होता तोवर. नवव्या दिवशी दुपारी मी शुद्धीत, उशीला टेकून, साखर घातलेलं दूध पीत तुला म्हटलं, "कुकरवाल्यांचं चाळीसच्या आसपास लिही, डबक्याचं साडेएक्केचाळीस, मी आल्यावर बघते." एकेक आकडा सांगितला. तू लिहून घेतलेस.

निर्णय पंधरा दिवसांत कळवतील. काय येणार ते मला माहीत आहे. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुझा भाऊ काय करतो म्हणालीस?" मी सांगितलं. त्या निघून गेल्या.

तुझा कागद सोबत परत पाठवतेय. फाडून टाक. तुझ्या नोकरीला काही होणार नाही, समितीच्या टिपणात तुझं नाव 'मदतनीस' एवढंच आहे, मी वाचून सही केली.

आता तू माझ्याकडून माफीची वाट पाहत असशील. ती मागायला हवी हे मला कळतं. पण राग गेलेला नाही, तर खोटं कशाला लिहू, तेवढं एक आता पुरे झालं. बाबांच्या जागी उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं तेव्हा तू बोलला नाहीस, आणि मला आयुष्यभर ते फेडायला लावलंस. आता पुन्हा तेच करायला निघाला होतास, माझ्यासाठी स्वतःचं नाव जाळून, काही न बोलता, डब्याच्या पिशवीतून. मी तो कागद दिला असता तर मेल्यावरही तुझ्यातून सुटले नसते.

साहेब स्वतः खाली आले तरी तू सही केली नाहीस. चार तास लाईन बंद ठेवलीस. दोन शतांशाच्या फरकासाठी, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या गाडीच्या ब्रेकसाठी. मी त्या दुपारी फोनवर होते. पलीकडे तू होतास, तुझ्या हातात खरे आकडे होते, थर्मामीटर तपासून आणलेला होता. मी लिही म्हटलं. तू जरा थांबलास, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालास, "बरं, ताई."

अंजली